मायची खुर्ची

पांढुर्ण्याला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला सगळ्यात आधी माझं वजन विचारलं.

मी नागपूरची, इथल्या एका मराठी शाळेत नुकतीच लागलेली, आणि स्वभावानं तिखट. त्यात स्टेशनपासून उन्हात हिंडून डोकं तापलेलं. "खोली दाखवताय की कुस्तीला उतरवताय?" मी फटकन विचारलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अंगणात मांडलेल्या एका घडीच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "पयले बसा, मंग बोला."

बसले. खुर्ची नायलॉनच्या पट्ट्यांची होती, पण बसल्यावर फळीवर बसल्यासारखं झालं. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

"टोचून राहिली न? ही पोस्टमनची हाय. थो तुमच्या दुप्पट हाय, त्याच्यासाठी कसून बांधली. तुमाले जराशी सैल लागन. म्हनून इचारलं वजन."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, त्या बाईले पानी तं इचारा आधी. आली नाई तं वजन मोजून राहिले."

मी खोली घेतली. आत जाऊन नीट पाहिलीसुद्धा नव्हती, पण माणूस खोटा नाही एवढं त्या प्रश्नावरून कळलं होतं. पुढच्या रविवारी माझी खुर्ची तयार झाली, पोपटी आणि पांढऱ्या पट्ट्यांची. मी मुकाट्यानं बसले आणि कितीतरी वेळ उठले नाही. मला एका जागी बसवणं माझ्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

सगळे त्यांना बाबूजी म्हणत. रेल्वेतून रिटायर झालेले. शेवटी शेवटी पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, पण नोकरीच्या सुरुवातीला त्यांची ड्यूटी एका साहेबाच्या बंगल्यावर होती. संध्याकाळी साहेबलोक लॉनवर बसत आणि सावली सरकली की खुर्च्या सरकवणं हे बाबूजींचं काम. दिवसभर खुर्च्या हलवायच्या, पुसायच्या, घडी करून ठेवायच्या. पुढे ते साहेब गेले, पट्ट्या कुजल्या, खुर्च्या भंगारात निघाल्या आणि नुसते गंजके सांगाडे बाबूजींनी उचलून आणले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या, "लोकं रिटायर झाले का तीर्थाले जातात. हे भंगार घेऊन आले अन् म्हने, पाह्य, लॉन आनलं."

लॉन कसलं? शेणानं सारवलेलं अंगण, कडेला संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं कुंपण, आणि पलीकडून इटारसीकडे जाणारी मालगाडी. त्या अंगणात रोज संध्याकाळी खुर्च्या उघडल्या जात. सांगाडे चंदेरी रंगाचे, पट्ट्या मात्र ज्याच्या त्याच्या रंगाच्या. पट्टी नागपूरच्या इतवारी बाजारातून यायची. उन्हानं ती कडक होऊन तुटायची, त्यामुळे बाबूजींचं काम कधी संपत नसे. जमिनीवर पोतं टाकून, खुर्ची आडवी मांडीवर घेऊन ते बसत. पट्टीचं टोक मुडपायचं, पकडीत धरलेला खिळा शेगडीवर तापवून त्यातून भोक पाडायचं, वायसर लावून स्क्रू आवळायचा. मग दुसरं टोक पायाचा रेटा देऊन ओढायचं. जळक्या नायलॉनचा वास घरभर. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "पोई जयली का पट्टी, मले समजूनच नाई राहिलं!"

विणायची पद्धतही त्यांची वेगळी होती. दुकानातल्या खुर्चीत पट्टी एक वर, एक खाली अशी जाते. बाबूजी दोन वर, दोन खाली घ्यायचे आणि प्रत्येक ओळीत एक घर सरकवायचे. त्यामुळे पाठीवर तिरक्या पायऱ्या चढत गेल्यासारखं दिसे. ही वीण कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाहून पाहून."

त्यांच्या अंगणात उभं राहून बोलायची कोणालाच मुभा नव्हती. दूधवाला घाईत असला तरी बसूनच दूध मापायचा. नाली साफ करायला येणारी बाई पहिल्यांदा आली तेव्हा पायरीखाली टेकली, तर बाबूजी तिच्यासमोर खुर्ची घेऊन उभेच राहिले. ती बिचारी इतकी घाबरली की झाडू टाकून जायला निघाली. पुढे तिचीही खुर्ची झाली, लाल पट्ट्यांची, आणि ती त्यात बसून काकूंशी अशी भांडायची की ऐकत राहावं. एकदा कुठल्यातरी चौकशीला पोलीस आला. तो दरडावून काही विचारू लागला की बाबूजी म्हणणार, "पयले बसा." शेवटी तो बसला, आणि बसल्यावर त्याला आपल्या मुलीच्या लग्नाची काळजी आठवली. चौकशी राहूनच गेली.

हनुमानजयंतीच्या आधी लोक पायी जामसांवलीच्या मारुतीला निघत. बाबूजींचं घर बौद्ध, देवळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी त्या दिवशी सगळ्या खुर्च्या सडकेवर. कोणी विचारलंच तर म्हणत, "देव तुमचा हाय. पाय तं माह्यावानीच हायेत न?"

आणि या सगळ्या खुर्च्यांमध्ये, पडवीच्या खांबाला टेकून, खाली जमिनीवर, त्यांची माय बसलेली असे.

माय म्हणजे मूठभर बाई. चेहऱ्यावर सुरकुत्यांना जागा उरली नव्हती, पण दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. बोरगावच्या बाजूच्या एका खेड्यात तिचं सगळं आयुष्य शेतमजुरीत गेलेलं. म्हातारपणी मुलानं इथं आणलं. ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. घरी नव्हती म्हणून नाही बसली आणि दुसऱ्याच्या घरी बसू देत नव्हते म्हणून नाही बसली. बाबूजींनी ते सांगाडे उचलून आणले ते खरं तर तिच्यासाठी. पहिली खुर्ची विणली तीही तिची, निळ्या पट्ट्यांची. सगळं जग त्यांच्या अंगणात खुर्चीवर बसलं, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती मात्र खाली.

"माय, बस न."

"टोचते."

बाबूजी तिच्याजवळ पोतं टाकून बसत, पट्ट्या सोडत, सैल करून पुन्हा बांधत. "आता पाह्य."

माय बसत नसे, हातानं दाबून बघे. "झोका खाते. मले पाडन थे."

पुन्हा सोडा, पुन्हा बांधा. मग पट्टी थंड लागते. मग पाय अधांतरी राहतात. बाबूजींनी खुर्चीचे पाय कापून ठेंगणे केले, तर म्हणे आता उठता येणार नाही. एकदा त्यांनी तिला रिक्षात घालून स्टेशनवर नेलं आणि पार्सलच्या काट्यावर उभं केलं. वजन नक्की कळलं की ताण बरोबर साधेल, असा त्यांचा हिशेब. पार्सलबाबू हसून हसून बेजार. माय काट्यावरून म्हणाली, "मले कोठी पाठवून राहिला रे? पत्ता तं चिटकव."

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारापुढे कार्यक्रम असे. बाबूजींच्या सगळ्या खुर्च्या तिकडे जात, आणि निळी खुर्ची ते स्वतः डोक्यावर धरून नेत आणि पहिल्या रांगेत मांडत. वंदना होई, भाषणं होत, खीर वाटली जाई. निळी खुर्ची रिकामी, आणि तिच्या पायाशी चटईवर माय. परत येताना बाबूजींच्या डोक्यावर ती खुर्ची जास्त जड झाल्यासारखी वाटे. एका वर्षी मी बरोबर होते. ते मला म्हणाले, "बाई, माह्या मायनं एक डाव लोकायच्या समोर खुर्चीवर बसाव. मंग मी बी मोकळा अन् थे बी मोकळी. जास्त काई मांगून राहिलो का मी?"

मला ते सहन होईना. मी शिक्षकी बाणा घेऊन मायकडे गेले. अहो माय, मुलगा एवढा झटतो, बसलात तर काय बिघडेल, असं बरंच काही ऐकवलं. माय शेंगा सोलत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तू वर्गात पोरायले असंच बोलते का वं? मंग शिकून राहिले असन थे." मी तिच्यासमोरच्या शेंगा सोलायला घेतल्या.

त्याच उन्हाळ्यात तो म्हातारा आला.

नागपूरकडे जाणारी गाडी फार लेट होती. एक माणूस आपल्या वृद्ध वडिलांचा हात धरून, सावली शोधत कुंपणाशी आला. वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेत होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर धुरकट पडदा. बाबूजी सवयीनं उठले, "पयले बसा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी त्यांना अडखळताना प्रथमच पाहिलं. म्हाताऱ्यानं ओळखलं नाही, ओळखणार तरी कसा? पण काकूंनी माझा हात दाबला आणि कानाशी म्हणाल्या, "मायच्या गावचे पाटील. मोठ्या घरचे."

उघडी असलेली एकच खुर्ची रिकामी होती, निळी. पाटलांच्या मुलानं वडिलांना तिच्यात बसवलं आणि गाडीचं विचारायला स्टेशनवर गेला.

म्हातारा सैलावला. डोळ्यांचं काम हातांवर आलेलं, म्हणून मांडीशेजारच्या पट्ट्यांवरून त्याची बोटं फिरू लागली. फिरता फिरता थांबली, पुन्हा मागे गेली.

"कोनं विनली ही?" त्यानं विचारलं. "ही वीण तं आमच्या घरची वाट्टे."

"हौ," बाबूजी म्हणाले. "तुमच्या ओसरीतल्या नवारीच्या पलंगाची हाय."

"मंग तुमी बसले असान त्याच्यावर कवा."

"बसलो नाई. पाह्यलं. माय मजुरी घ्याले आली का मी तिच्यासंगं अंगनात बसून राहो. तवा पाहून पाहून ध्यानात राह्यली."

पाटलांची बोटं पट्टीवरून उचलली गेली. तेवढ्यात खालून, खांबापासून, मायचा आवाज आला.

"पलंग तुमचा होता मालक. वीण तुमची नाई. वीण याच्या बापाची हाय. थो नवार विनून गेला अन् त्याच सालात मेला. हा तवा रांगत होता."

बाबूजींना हे ठाऊक नव्हतं. ज्या पलंगाला हात लावायची परवानगी नव्हती म्हणून जो त्यांनी नुसता डोळ्यांनी पाठ केला, तो त्यांच्याच बापानं विणलेला होता. ते उभे होते तिथेच खाली बसले, मातीत, पोतंही न टाकता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. कोणाचा राग ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पाटलांनी आवाज ओळखला. खुर्चीचे दांडे धरून ते धडपडत उठले. "बुढे, तू हायस का? खाली काहून बसली तू? ये, बस वरते. मी उभा राह्यतो."

माय हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. "तवा खाली बस म्हने तं खाली बसली. आता वरते बस म्हनता तं वरते बसू का? माह्या मनानं बसन मी, जवा बसाचं तवा. तुमी बसा. तुमाले दिसून नाई राहिलं, पडसान."

पाटील बसले. खुर्चीच्या अगदी कडेला. काकूंनी चहा आणला तो त्यांनी घेतला आणि कप कुठे ठेवावा ते न कळून गाडी येईपर्यंत हातातच धरून ठेवला. जाताना त्यांनी खांबाच्या दिशेनं हात जोडले. दिशा जराशी चुकली, पण माय म्हणाली, "हौ हौ, डोये बरे करून या."

मालकाला माय जे म्हणाली ते आम्हालाही लागू होतं. बाबूजी तिला बस म्हणत होते, मीही म्हणत होते. आमचं म्हणणं प्रेमाचं होतं, पण सांगणारे आम्हीच होतो. त्यानंतर मी मायला पुन्हा कधी बस म्हटलं नाही. बाबूजीही म्हणेनासे झाले. निळ्या खुर्चीच्या पट्ट्या मात्र ते सोडत राहिले, बांधत राहिले, आणि वीण घालताना आता त्यांची बोटं कुठेतरी ऐकत असल्यासारखी सावकाश चालत. मधेच विचारत, "माय, बाबा पट्टी डाव्या हातानं ओढे का उजव्या?" माय सांगे. कधी डावा सांगे, कधी उजवा. मला वाटतं तिलाही आठवत नव्हतं.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्याजवळ जमिनीवर बसून वह्या तपासत होते. तिनं आपणहून विषय काढला.

"तू रागावते माह्यावर. खुर्चीवर नाई बसत म्हनून."

"नाही हो माय."

"रागावते. मले समजते." ती माझ्याकडे सरकली. "मले टोचत नाई. काईच टोचत नाई. पन पाह्य, हा लहान होता तवा मी दिवसभर वावरात. नौकरी लागली तवा हा गाड्यायच्या मांगं. आता रिटायर झाला तं साऱ्या गावाले बसवून बोलत राह्यते, वरते. माह्यापाशी खाली येते कवा? पट्टी सोडाले अन् बांधाले. गुडघ्याले गुडघा लावून बसते. मी बसली खुर्चीवर, तं याचं काम संपलं. मंग मी एका खुर्चीवर, हा दुसऱ्या खुर्चीवर. पावन्यावानी."

मी वह्यांमध्ये डोकं खुपसलं, कारण मायसमोर रडले असते तर तिनं मला महिनाभर चिडवलं असतं.

मी हे बाबूजींना सांगितलं नाही. ती तिची गोष्ट होती.

पावसाळा संपता संपता बाबूजींचा गुडघा सुजला. आयुष्यभर रुळांवरून धावलेला गुडघा. मुलताईला नेलं, नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर बसणं बंद. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, कायम खुर्चीवर. काकू म्हणाल्या, "घ्या! सारं गाव बसवलं, आता तुमची पाळी." पण बाबूजी हसले नाहीत. त्यांची पोती गुंडाळून ठेवली गेली. पकड, खिळे, वायसरांचा डबा कोनाड्यात गेला. ते आपल्या जुन्या खुर्चीत पाय लांब करून बसून राहत, आणि त्यांच्यापासून दोन हात खाली, खांबाला टेकून, माय. दोघंही फारसं बोलत नसत. वरून खाली बोलायची त्यांना सवय नव्हती. माय मान वर करून काही विचारी, बाबूजी वाकायला जात, गुडघ्यातून कळ येई, राहून जाई.

असे बरेच दिवस गेले. अंगणात लोक येत होते, बसत होते, पण "पयले बसा" ऐकू येत नव्हतं. पोस्टमन मला म्हणाला, "बाबूजी काई बोलून नाई राहिले, बाई. काई झालं का?"

मग संत्र्याचा बहर तोडायला आलेल्या दिवसांतली एक सकाळ. शाळेला सुट्टी होती. मी दारात केस वाळवत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. बाबूजी खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

माय उठली. खांबाला धरून, मग भिंतीला धरून ती कोनाड्यापाशी गेली. तिथे निळी खुर्ची घडी करून ठेवली होती. तिनं ती ओढत ओढत अंगणात आणली. मी पुढे झाले तर काकूंनी मला डोळ्यांनी थांबवलं. खुर्ची कशी उघडते ते मायला कुठे माहीत होतं? तिनं ती एकदा उलटी उघडली, एकदा बोट चेंगरून घेतलं, शिव्या घातल्या. शेवटी ती उघडली. मग तिनं ती बाबूजींच्या खुर्चीला अगदी लागून ठेवली, लोखंडाला लोखंड लागेपर्यंत सरकवली.

आणि बसली.

खुर्चीच्या कापलेल्या पायांमुळे तिचे पाय बरोबर जमिनीला टेकले. पट्ट्या तिच्या वजनाला जेवढ्या वाकायला हव्या तेवढ्याच वाकल्या. तिनं आपला गुडघा बाबूजींच्या सुजलेल्या गुडघ्याशेजारी आणला, लुगडं सारखं केलं आणि समोर पाहिलं. समोर कोणीच नव्हतं. ना विहार, ना पहिली रांग. मी, काकू, आणि सुपातले तांदूळ.

बाबूजींनी डोळे उघडले. शेजारी बघितलं. मग माझ्याकडे, मग काकूंकडे, आम्हालाही दिसतंय ना असं.

"माय," ते कसेबसे म्हणाले, "टोचते का वं?"

"कायचं टोचते? गादीवानी हाय." मग तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "साऱ्या गावाले सांगतं न तू, पयले बसा, मंग बोला? बसली मी. बोल आता."

बाबूजींनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. सकाळभर दोघं तशीच शेजारी शेजारी बसून राहिली.